टोपली दारात पोचते तेव्हा

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि गुहागरकडच्या आमच्या वाडीत भाजीचा टेम्पो यायचा थांबला. एरवी कोबी, फ्लॉवर, टोमॅटो कुंभार्ली घाट उतरून येतात. त्या दिवसांत वाडी जगली ती परसातल्या अळूवर आणि रानातल्या टाकळ्यावर. आपल्या मातीतलं आपल्याच शेजाऱ्याच्या ताटात का जाऊ नये, हा विचार तिथून डोक्यात बसला.

भातकापणीनंतर सात बायकांनी शेतातल्या ओलीवर आणि विहिरीच्या पाण्यावर लाल माठ, मुळा, वांगी, पावटा लावला. मी पहाटे टेम्पो घेऊन भाजी उचलायचो. पहिल्याच महिन्यात चुकलो. धुतलेला माठ प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधला, दुपारपर्यंत काळा पडून चिकट झाला. बायकांचे पैसे पदरचे दिले. तेव्हापासून भाजी धुवायची नाही. बांबूच्या टोपलीत भरायची आणि वर ओलं गोणपाट.

गिऱ्हाईक मात्र मिळेना. वाडीत उरलीत म्हातारी माणसं, मुलं मुंबईला. एका आजींच्या ताटात भात, कुळथाची पिठी, खारातली कैरी आणि खारा बांगडा. रक्तदाबाची गोळी रोजची. "एकटीसाठी भाजी कोण निवडत बसणार रे?" म्हणाल्या. मग आम्ही भाजी निवडूनच द्यायला लागलो. मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाला भेटलो. अर्धे पैसे मंडळाचे, अर्धे घरचे, आठवड्याला दोन टोपल्या.

गावातल्या डॉक्टरांनी नीट समजावलं. मिठाने रक्तदाब चढतो. भाजी-फळांतलं पोटॅशियम जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला मदत करतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम भाजी-फळं आणि 5 ग्रॅमहून कमी मीठ सांगते. अमेरिकेत 12 राज्यांत ज्यांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर भाजी-फळं मिळाली, त्यांचा अभ्यास 2023 मध्ये आला. उच्च रक्तदाबाच्या प्रौढांचा रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी 8 अंकांहून जास्त उतरला होता. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून आम्ही कुणाला गोळी सोडायला सांगत नाही. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोपली देतच नाही.

आजींच्या पिठीत आता शेवग्याचा पाला असतो, कैरीची एकच फोड. यंदा त्यांनी पडवीसमोर पडवळासाठी मांडव घालून घेतलाय. पहिलं पडवळ तुझ्या टोपलीत जायला हवं, असं मला बजावलंय.