तळहाताएवढं रबर

हजार किलोची हॅचबॅक घ्या. वजन चारही चाकांवर सारखं पडलंय असं धरलं तर एका चाकावर २५० किलो. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार केला की रस्त्याला टेकलेलं रबर निघतं सुमारे १०८ चौरस सेंटिमीटर. साधारण तळहाताएवढं. साइडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा, ताठपणा यात धरलेला नाही, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाज येतो. इंजिनची ताकद असो की ब्रेकची, रस्त्यापर्यंत पोचते ती या चार तळहातांतूनच. म्हणून गाडीच्या वेडापायी खिसा मोकळा करायचाच असेल तर आधी टायर, मग अलॉय चाकं, मग बाकीचं. रात्री जागून ऑनलाइन रेस खेळणाऱ्यांनाही हेच लागू, कारण तिथेही शेवटी सगळा खेळ टायरचाच आहे. त्यावर येऊच.

टायर घ्यायला गेल्यावर आधी त्यावरचे आकडे वाचा. १८५/६५ आर १५ ८८ एच असं लिहिलेलं असेल तर रुंदी १८५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर, बांधणी रेडियल, रिम १५ इंची. ८८ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. या टायरचा पूर्ण व्यास भरतो ६२१.५ मिलिमीटर. त्याऐवजी १९५/६० टाकला तर व्यास ६१५ होतो, एकच टक्का फरक, काही बिघडत नाही. १९५/६५ टाकला तर ६३४.५, दोन टक्के जास्त. आता चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, त्यामुळे स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा दोन टक्के कमी दाखवतो, पिकअप किंचित मंदावतो आणि स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनिंगला घासतोय का ते बघावं लागतं. फरक तीन टक्क्यांच्या आत ठेवा आणि लोड इंडेक्स कंपनीने दिलेल्यापेक्षा कधीही खाली नेऊ नका. रुंद टायर म्हणजे जास्त ग्रिप हे समीकरण कोरड्या रस्त्यापुरतं ठीक. पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, शिवाय मायलेजही खातो.

मग तारीख. साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे बघा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. बऱ्याच टायरवर पूर्ण ओळ एकाच बाजूला असते, त्यामुळे ती बाजू आत गेली की बाहेरून तारीख दिसत नाही. म्हणून रिमवर चढवण्याआधीच चारही टायर बघून घ्या. वर्षभराहून जुना माल नव्याच्या भावात घेण्यात अर्थ नाही. घासाघीस तरी करा.

नव्या टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर खोल असते. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की १.६ मिलिमीटर उरलं, आणि त्याखाली गेलेला टायर कायद्यातही बसत नाही. पण ही कोरड्या रस्त्याची मर्यादा समजा. खाचांचं काम पाणी बाहेर फेकणं. खोली निम्म्याहून कमी झाली की तेवढं पाणी मावत नाही आणि टायर रस्त्यावरून उचलला जातो. जुलैत आंबा घाट किंवा वरंध घाट उतरणार असाल तर ३ मिलिमीटरलाच टायर बदला. खोली मोजायचं छोटं गेज स्वस्तात मिळतं, ते डॅशबोर्डच्या कप्प्यात असावं.

टायर कुठे झिजलाय त्यावरून गाडीचं दुखणं कळतं. मधला पट्टा गुळगुळीत आणि कडा शाबूत असतील तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा गेल्या आणि मध्य शाबूत असेल तर कमी. एकच कड गेली असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) बिघडलाय. हाताचा तळवा टायरवरून आडवा फिरवा. एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर ते नक्की टोचं काम. आणि जागोजागी खळगे पडले असतील तर अलाइनमेंट कितीही करा, उपयोग नाही. शॉक अॅब्सॉर्बर बघा किंवा बॅलन्सिंग.

चारऐवजी दोनच टायर घेतले तर नवे मागे. फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी मागेच. दुकानात यावरून हमखास वाद होतो, कारण ‘पुढची चाकं ओढतात’ हे तर्काला पटतं. पण पुढची ग्रिप सुटली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बहुतेक वेळा सावरते. मागची ओल्या वळणावर सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही.

आता टायर चढवताना काय बघायचं. व्हॉल्व्ह नवा टाका. रबरी व्हॉल्व्ह टायरइतकाच जुना असतो, मुळाशी चिरा पडून हळूहळू हवा जाते आणि माणूस महिनाभर पंक्चर शोधत बसतो. टायरवर बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेने हवा. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर. पिवळा ठिपका म्हणजे टायरची हलकी जागा, तो व्हॉल्व्हसमोर आणला की बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. काठाला साबणाचं पाणी किंवा पेस्ट लावल्याशिवाय टायर ओढून बसवत असतील तर थांबवा, हा काठ, म्हणजे बीड, फाटतो. बॅलन्सिंगला एका चाकावर ६०-७० ग्रॅमच्या वर वजन लागत असेल तर वजनं ठोकत बसण्यापेक्षा टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मशीनवर घ्यायला सांगा. आकडा बहुतेकदा खाली येतो. नाहीच आला तर रिम वाकलेला असण्याची शक्यता जास्त. बॅलन्सिंग चुकलं की ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या दरम्यान थरथर येते. स्टीअरिंगमध्ये आली तर पुढची चाकं, सीटखाली जाणवली तर मागची.

सगळ्यात जास्त नुकसान शेवटच्या मिनिटात होतं. हवेवर चालणारी गन घेऊन पोरगा नट घरघर आवळतो आणि गाडी खाली सोडतो. चार नट चार वेगवेगळ्या जोराने बसतात, स्टड (ज्यावर नट बसतो तो बोल्ट) ताणला जातो, आटे मरतात, आणि पुढे रात्री रस्त्यात पंक्चर झालं की पान्यावर उभं राहूनही नट हलत नाही. गन फक्त नट टेकेपर्यंत वापरू द्या. पुढचं काम टॉर्क पान्याने, म्हणजे ठरवलेला जोर लागला की ‘टक्’ करणाऱ्या पान्याने. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. नट समोरासमोर, चांदणीच्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळायचे. पान्याने एकदा ‘टक्’ केलं की थांबायचं, दोनतीनदा टकटक केलं की आकडा वर जातो. आट्यांना ग्रीस किंवा तेल नको. घर्षण घटतं, पाना तेवढाच आकडा दाखवतो आणि स्टड मात्र जास्त ताणला जातो. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा तपासा, अलॉय असेल तर नक्कीच.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाऱ्या हवेत अलॉय हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, चिकटून बसतो. अॅल्युमिनियम आणि लोखंड यांच्यामध्ये पांढरट भुकटी धरते. नट काढूनही चाक निघत नसेल तर जॅकवरच्या गाडीला लाथा घालू नका. गाडी खाली घ्या, नट अर्धा फेरा ढिले ठेवा, गाडी एक-दोन फूट पुढेमागे करा, चाक सुटतं. मग हबचं तोंड तारेच्या ब्रशने घासून साफ करा.

पंक्चर काढताना भोकात रबरी दोरी घालून भागवतात. तात्पुरतं ठीक आहे, पण खात्रीचं काम म्हणजे टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे देठ भोकात आणि टोपी आतून चिकटणारा. त्यात आणखी एक फायदा आहे. हवा नसताना गाडी पळवली गेली असेल तर टायरच्या आत रबराचा काळा चुरा सापडतो. तो दिसला की साइडवॉल आतून कुटली गेली, टायर संपला, बाहेरून कितीही धडधाकट दिसू दे. साइडवॉलला फुगवटा आला असेल तरी तसंच. खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेले असतात, त्यावर इलाज नाही.

हवा नेहमी थंड टायरला मोजा. हवेचं तापमान १० अंश वाढलं की ३३ पीएसआयच्या टायरमध्ये दीड पीएसआय वाढतात. पुण्यात जानेवारीच्या पहाटे १० अंशांवर भरलेली हवा मेमधल्या ४० अंशांत पाचेक पीएसआय जास्त दाखवेल. नायट्रोजनवाल्यांचा युक्तिवाद इथेच सुरू होतो, पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे आणि गरम झाल्यावर तोही तसाच पसरतो. फुकट मिळत असेल तर भरा.

हेच गणित ऑनलाइन रेसमध्ये लॅप टाइम (ट्रॅकच्या एका फेरीची वेळ) ठरवतं. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने या गेममध्ये (२०१९, इटलीच्या कुनोस कंपनीचा) जीटी३ गाडीच्या (स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या रेस गाडीच्या) कोरड्या ट्रॅकवरच्या टायरला गरम झाल्यावर २६ ते २७ पीएसआय लागतात. भरायचे टायर थंड असताना, पण आकडा जुळायला हवा गरम झाल्यावर. म्हणून तीन-चार लॅप मारून आकडे बघायचे, पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) येऊन प्रत्येक चाकाचा वेगळा हिशोब करायचा. ट्रॅकवर उजवी वळणं जास्त असतील तर डावे टायर जास्त तापतात, म्हणून डावे थोडे कमी भरायचे. हवामान एक अंश बदललं की साधारण ०.१ पीएसआय इकडेतिकडे. घरच्या गाडीत हवा बघायचा कंटाळा करणारी मंडळी इथे दशांशावर भांडतात, तो भाग निराळा.

ऑनलाइन रेसच्या सामानात पहिला खर्च पेडलवर करा. नवशिके उलटं करतात, महागडं डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरला जोडलेलं) स्टीअरिंग व्हील घेतात आणि ब्रेक तसाच हलका ठेवतात. साधा ब्रेक पाय किती खाली गेला ते मोजतो, लोड सेलचा ब्रेक किती जोर दिला ते. पायाला अंतर लक्षात राहत नाही, जोर लक्षात राहतो. खऱ्या गाडीतही तसंच आहे. लॉजिटेक जी२९ सारखं ९०० अंश फिरणारं गिअरचं व्हील सुरुवातीला पुरेसं आहे. लोड सेल आला की चाकाची खुर्ची जोराने दाबताच मागे पळते. खुर्चीची चाकं जुन्या बुटांत घाला, हलत नाही. दिसायला विचित्र, पण काम चोख.

फोर्स फीडबॅक, म्हणजे मोटर व्हीलला देते तो जोर, शंभर टक्क्यांवर ठेवू नका. मोटर कमाल ताकदीला टेकली की वळणातली आणि कर्बवरची (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवरची) ताकद सारखीच लागते आणि पुढचे टायर सुटताना हलकं होणारं स्टीअरिंग जाणवतच नाही. क्लिपिंगचा, म्हणजे मोटर असं टेकल्याचं दाखवणारा, मीटर लाल होणार नाही इतकं खाली आणा. स्क्रीनचा डोळ्यांशी होणारा कोनही मोजून गेममध्ये टाका. २७ इंची स्क्रीन सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असते. ती डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर आडवा कोन ५३ अंश निघतो. आयरेसिंग हा दुसरा रेसिंग गेम आडवा कोन मागतो, असेटो कोर्सा उभा, तिथे ३१ टाका. पहिल्यांदा खिडकीच्या फटीतून बघितल्यासारखं वाटतं, पण ब्रेक मारायच्या खुणा खऱ्या अंतरावर दिसतात.

वेग कमी करतानाचं तंत्र पुन्हा तळहातावरच येतं. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकतं, पुढच्या टायरचा तळहात मोठा होतो. वळणाच्या तोंडाशी ब्रेक एकदम सोडला तर ते वजन परत मागे जातं आणि ऐन वळताना पुढची ग्रिप कमी होते. म्हणून स्टीअरिंग जसजसं वळेल तसतसा ब्रेक हळूहळू सोडायचा. पण फार उशिरापर्यंत धरून ठेवला तर मागची बाजू हलकी होऊन गाडी फिरते. लॅप टाइममधला बराचसा फरक या दोन टोकांच्या मधला आहे.

ऑनलाइन रेसच्या मार्गाने खऱ्या ट्रॅकपर्यंत पोचलेले लोक आहेत. २००८ साली निसान आणि प्लेस्टेशनची जीटी अकादमी (गेम खेळणाऱ्यांतून रेसर निवडणारी स्पर्धा) जिंकलेला स्पेनचा लुकास ओर्दोनेझ २०११च्या ल मांमध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या २४ तासांच्या रेसमध्ये, एलएमपी२ गटात (खास रेससाठी बनवलेल्या गाड्यांच्या दुसऱ्या वर्गात) दुसरा आला.

इंटरनेट केबलने घ्या, वायफायने नको. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) थोडा जास्त असला तरी चालतो, खालीवर होणारा चालत नाही. इतरांना तुमची गाडी उड्या मारताना दिसते. लाइट जाणाऱ्या भागात राउटरला छोटा यूपीएस लावा. रेसला लागणाऱ्या पेट्रोलचा हिशोब आधी करा. २० मिनिटांची रेस, दीड मिनिटाचा लॅप म्हणजे १४ लॅप. लॅपला १.२ लिटर लागत असेल तर १६.८, त्यात एका लॅपचं जास्त, म्हणजे १८ लिटर. टाकी फुल्ल भरून निघालात तर उगाच वजन वाहताय.

आयरेसिंगमध्ये ट्रॅकबाहेर गेलात तर दंडाचा १ पॉइंट, ताबा सुटला तर २, दुसऱ्या गाडीला जोरात धडकलात तर ४. चूक कोणाची हे सिस्टीम बघत नाही, दोघांनाही बसतात. त्यामुळे रूकीच्या (नवशिक्यांच्या) रेसमध्ये पहिल्या वळणावर जागा दिसली तरी घुसू नका. आणि स्वतः फिरलात तर ब्रेक पूर्ण दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवा. मागून येणाऱ्याला थांबलेली गाडी चुकवता येते, घरंगळणारी नाही. सगळे गेले, रिलेटिव्हमध्ये (पुढच्या-मागच्या गाड्यांचं अंतर दाखवणाऱ्या यादीत) मागे चार-पाच सेकंद मोकळे दिसले, की मग पहिला गिअर.