नवी-जुनी पोरं एकाच ओळीत का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पालक हमखास म्हणतात, "सर, आमची पोरगी एवढी वर्षं शिकतेय, तिला काल आलेल्या पोरांच्या ओळीत का उभं करता?" साताऱ्यातल्या आमच्या मर्दानी खेळांच्या वर्गात शाळकरी पोरांपासून कॉलेजच्या मुलींपर्यंत सगळे येतात. वेगळ्या तुकड्या मी मुद्दाम पाडत नाही.

पहिलं कारण दांडपट्टा. 2024 साली तो राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून प्रत्येकाला तोच हवा असतो. पण पट्ट्याचं लोखंडी कवच मनगट झाकून कोपराकडे जातं आणि आतली मूठ आडवी असते. मनगट बंदच. तलवारीवर हात बसलेला माणूस सवयीने मनगट वळवायला जातो, लांब लवचिक पातं भलतीकडे फिरतं आणि टोक स्वतःच्याच पोटरीकडे येतं. इथे वार खांद्यातून, कमरेतून काढायचा आणि पाऊल आधी टाकायचं. ही सवय लावते काठी.

म्हणून पवित्रे सगळ्यांचे एकत्र, एकाच मोजणीवर. नवा पोरगा हात कमरेवर ठेवून नुसती पावलं टाकतो. थोडा मुरलेला तेच काठी घेऊन करतो. जुन्यांच्या उजव्या हाताला पंजापासून कोपरापर्यंत बांबूची कामटी बांधतो, म्हणजे मनगट वळतच नाही. परवा कामटी बांधलेली एक तयारीची मुलगी वळताना अडली. शेजारच्या नवख्याचं पाऊल बरोबर पडत होतं. त्याच्या पायांकडे बघत तिने पुढचा पवित्रा धरला. मला फार बरं वाटलं.

दुसरं कारण अंतर. जुने जुन्यांसोबत बेफिकीर होतात, समोरचा सरकेल हे त्यांना ठाऊक असतं. नवखा कधी कुठे सरकेल याचा नेम नाही, त्यामुळे नजर सतत उघडी राहते. 10 नोव्हेंबर 1659 ला, आपल्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडाखाली, सय्यद बंडा महाराजांवर धावून आला आणि जिवा महालांनी त्याला अडवलं. पोरांना त्यातला वार आठवतो. मी त्यांना सांगतो, आपला माणूस इतका जवळ असताना हत्यार चालवणं काय असतं ते बघा.

मात्र लोखंड हातात आलं की मिश्र ओळ बंद, यात मी कुणाचंही ऐकत नाही. नवी पोरं भिंतीपाशी बसून मोठ्याने पावलं मोजतात, आणि जुन्यांचं पाऊल चुकलं की बहुतेक वेळा माझ्याआधी तीच ओरडतात.