आगराचे शिंपणे आणि नोझलचे भोक

गुहागरला आमच्या आगरातली विहीर चार घरांच्या सामाईक मालकीची असून, चैत्र लागला की प्रत्येक घराने दिवसाला १०,००० लिटरच उपसायचे, असे आम्ही आपसांत ठरवले आहे. किनाऱ्यालगत जमिनीखालचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर सरकते. मचूळ पाण्यावर माड निभावतो, पोफळ मात्र पिवळी पडते. म्हणून ही मर्यादा मी मनापासून पाळतो.

एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर, आणि गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. माझ्या २० गुंठ्यांना १०,००० लिटर म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर पाणी मिळते.

आगरात ७० सूक्ष्म तुषार, म्हणजे पाणी बारीक थेंबांत उडवणारे छोटे फिरते फवारे, बसवले, तेव्हा दुकानदाराने तासाला १२० लिटरचे नोझल (पाणी बाहेर पडते ते भोकाचे तोंड) दिले होते. तेवढे सगळे मिळून तासाला ८,४०० लिटर मागत, आणि माझा पंप २ किलो (दर चौरस सेंटीमीटरला) दाबाला ६,००० लिटरच देतो. त्यामुळे दाब पडायचा, थेंब जाड होऊन जवळच गोल कडे करून पडायचे, मधली जमीन कोरडी राहायची आणि तरीही दोन तासांच्या पाळीत ठरलेल्यापेक्षा जास्त पाणी जायचे. व्हॉल्व्ह अर्धा बंद केल्याने हा दोष वाढतोच, कारण दाब चौपट केला तर पाणी दुप्पट होते, आणि त्याच नियमाने निम्मे पाणी हवे असेल तर दाब चतुर्थांशावर आणावा लागतो, ज्यावर तुषार नीट फिरतही नाही. पाणी कमी करायचे तर भोकच लहान हवे.

म्हणून ७० लिटरचे नोझल घेतले. दोन तासांत ९,८०० लिटर जातात, दाब टिकतो आणि पंपाचे उरलेले पाणी बायपासने विहिरीत परत जाते.

एवढ्यावर मी निश्चिंत झालो असतो. परंतु आगर समुद्राकडे सुमारे ४ मीटर उतरते, आणि त्या उताराने खालच्या ओळींना ०.४ किलो दाब जास्त मिळतो. नोझल बादलीत धरून ६ मिनिटांत भरलेले लिटर मोजावेत आणि दहाने गुणावे, म्हणजे तासाचा प्रवाह कळतो. वरच्या ओळीत ७ लिटर भरले, शेवटच्या ओळीत ७.७ लिटर. सगळ्या आगराची सरासरी ५ टक्क्यांनी वाढली, तर पाळीचा उपसा १०,२९० लिटर होतो, म्हणजे शेजाऱ्यांच्या वाट्यातले पाणी मी नकळत घेत होतो. आता खालच्या निम्म्या ओळींना दाब बदलला तरी प्रवाह न बदलणारे नोझल लावले आहेत. ते महाग पडतात, पण सगळीकडे लावण्याची गरज नव्हती.

बारीक भोकाला कचरा लवकर अडकतो, त्यामुळे १२० मेशच्या (इंचाला १२० छिद्रांच्या) फिल्टरची जाळी मी दर दोन दिवसांनी धुतो. शिंपणे पहाटेच उरकतो, कारण उन्हे चढली आणि खारा वारा सुटला की बारीक तुषार शेजारच्या आगरात जाऊन पडतात.