औंधच्या भिंतीवर वाळणाऱ्या वाकळा

सातारा जिल्ह्यातल्या औंधला मी निघाले ती चित्रं बघायला आणि आत्या निघाली यमाईच्या दर्शनाला. सर्वपित्रीला चार दिवस राहिले होते. नवरात्र लागलं की डोंगरावर पाय ठेवायला जागा मिळत नाही, म्हणून ही घाई. रहिमतपूर सोडलं की ऊस विरळ होत जातो, माळ दिसायला लागतो आणि लांबूनच मूळपीठाचा डोंगर ओळखू येतो.

आधी देवी, मग चित्रं, असं आत्याचं फर्मान होतं. त्यामुळे संग्रहालयात पोचेस्तोवर ऊन चढलं. श्री भवानी संग्रहालय १९३८ सालचं. औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढायचे, आणि जमवलेला ठेवा त्यांनी राजवाड्यात कोंडून न ठेवता इथं डोंगरावर सगळ्यांसाठी मांडला. रविवर्म्याची मूळ चित्रं खटाव तालुक्यात बघायला मिळतात हे पुण्यातल्या मैत्रिणींना सांगितलं तर त्यांना अजून खरं वाटत नाही.

मी आपली रंग, सावल्या बघत होते. आत्या मात्र प्रत्येक चित्रापुढं उभी राहून फक्त लुगडं बघायची. काठ केवढा, पदर कुठनं घेतलाय, निऱ्या नीट बसल्यात का. एका बाईसमोर बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "हिला कासोटा घालता येत नाही. चालायला लागली की सुटंल." मला हसू आलं, पण तेव्हापासून मलाही कापडच दिसायला लागलं. तेलरंगात रेशीम कसं चमकतं आणि सुती कसं मऊ पडतं, हे मी आधी कधी इतकं निरखलं नव्हतं. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं मायलेकराचं शिल्प बघून ती एवढंच म्हणाली, "पोर उघडंच ठेवलंय. एक दुपटं तरी द्यायचं."

बाहेर पडताना तिनं विचारलं, "एवढं सगळं ठेवलंय, वाकळ कुठं दिसली नाही गं?"

आम्हाला दिसली नव्हती हे खरं. पण वाकळ म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी, ती टिकते कुठं ठेवायला? लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये चौदाव्या शतकात सिसिलीत शिवलेली एक गोधडी आहे, ट्रिस्टन नावाच्या वीराच्या जुन्या युरोपी गोष्टीतले प्रसंग टाक्यांनी उठवलेली. इतकी जुनी कापडं अंधाऱ्या खोलीत ठेवावी लागतात. उजेडानं रंग उडतात, धागा विरतो, म्हणून ५० लक्सच्या आसपास, म्हणजे तिन्हीसांजेच्या घराइतकाच उजेड ठेवतात. आपली वाकळ रोज कुणाच्या तरी अंगाखाली असते आणि वर्षातून एकदा दगडावर आपटून घेते. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्याही अशाच, शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या. त्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर लागल्या, तेव्हा लोकांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रांशी केली. मिझुरी पेटवे नावाच्या तिथल्या बाईंनी वारलेल्या नवऱ्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी १९४२ साली शिवली होती, ती पांघरून झोपता यावं म्हणून. मी हे आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग काय दुसरं!"

डोंगर उतरून गावात आलो आणि गाडी थांबवावीच लागली. दसरा काढायचे दिवस. घटस्थापनेआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघायला हवं. भिंतींवर, बाभळीच्या कुंपणावर, एका उभ्या ट्रॉलीवरसुद्धा वाकळा टाकलेल्या. मघाशी चौकटीत बघितलेले लाल, हिरवे, जांभळे इथं उन्हात पाणी गाळत होते. मध्यावर एखादं खणाचं चौकोनी ठिगळ, कडेनं कुणाच्या तरी लुगड्याचा काठ.

एका ओसरीवर साठीच्या पुढची एक बाई शिवत बसली होती. खाली लुगडं अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवलेले, त्यावर जुनी धोतरं, उसवलेल्या पँटी, चादरी आणि वरून दुसरं लुगडं. आधी लांब लांब कच्चे टाके घालून थर धरून ठेवायचे. मग काठापासून धावदोरा घालत चारी बाजूंनी फिरत आत जायचं, कोपऱ्याला वळायचं, एक फेरी संपली की बोटभर आत दुसरी. शेवटचा टाका मध्यात. छाप नाही, पट्टी नाही, आणि तरी रांगा शेतातल्या सरींसारख्या.

"आक्का, बसा की," तिनं जागा केली. आत्या बसली आणि दोन मिनिटांत तिनं दुसरी सुई मागून घेतली. मला कुणी विचारलं नाही, तेच बरं झालं.

फाटलेल्या वाकळीचं काय करता, असं मी विचारलं. तिनं हातातलीच वाकळ एका कडेला उचलून आतला थर दाखवला. आत आणखी एक जुनी, विरलेली वाकळ होती. "ही सासूची. हिच्या पोटात तिच्या सासूची हाय म्हनं, म्या काय उसवून बघितली न्हाई."

तिची तक्रार एकच होती. नऊवारी सुती लुगडी मिळेनाशी झाली. पोलिस्टरच्या साड्या बायका गठ्ठ्यानं आणून देतात, पण ते कापड सुईखालून निसटतं, घाम पीत नाही, उन्हाळ्यात अंग भाजतं. "दिसाय झ्याक. निजाय न्हाई."

आत्या जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या आईची दोन इरकली लुगडी पेटीत आहेत. शिवून द्याल?"

माझ्या पोटात गोळा आला. ती लुगडी मी कित्येक वर्षं डांबराच्या गोळ्या घालून जपली आहेत, कुणाला हातसुद्धा लावू देत नाही.

"आत्या, ती ठेवायची आहेत," मी म्हटलं.

"कुनासाटी?" हे त्या बाईनं विचारलं, मान वर न करता. टाका चालूच होता. मला उत्तर सुचलं नाही. मग तिनंच आत्याला सांगितलं, "आना. पर दसऱ्यापातूर हुयाचं न्हाई. आन मधी घालाय सुतीच आना, पोलिस्टर एक बी नगं."

परतताना रहिमतपूर येईपर्यंत आत्या बोटांवर मोजत होती. अप्पांची तीन धोतरं, दोन पंचे, काकांचा बंडीचा जोड, माझा पाचवीतला निळा फ्रॉक.

"तो अजून आहे?" मी विचारलं.

"आहे की. पोछा करायला काढला होता. परत धुऊन ठेवला."