दऱ्या शोधल्या, दर्या सापडला

‘सत्तरीतल्या दऱ्या’ असा शोध टाकला, तर वरच्या पाच नोंदींत तीन रापणीच्या. होड्या, जाळी, किनारा. म्हादईच्या खोऱ्यावरचा लेख पार खाली.

गोव्यातल्या काही हौशी संस्थळांचा (निसर्गवाले, मच्छीमार वस्ती, गावचं वाचनालय, एक देवस्थान) मजकूर एकमेकांकडून शोधता यावा, एवढंच आमचं काम. जोडणी सोपी असते. प्रत्येकाने ओपनसर्चची वर्णन-फाईल ठेवायची. शोधाचा पत्ता आणि त्यात शब्द कुठे भरायचा, हे तिच्यात असतं. ब्राउझर परक्या संस्थळाचं उत्तर परस्पर वाचू देत नाही, म्हणून मध्ये छोटा सर्व्हर. दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर पुढे जायचं. बैठकीत कौतुक होतं ते एवढ्याचंच.

घोळ ‘ऱ्य’मध्ये होता. तो दोन तऱ्हांनी साठवला जातो: ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, न दिसणारा जोडक (झेडडब्ल्यूजे) आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवलेलं तेच अक्षर एका रूपात आणणं) र आणि नुक्ता (खालचं टिंब) मिळून ऱ करतं, जोडकाला मात्र हात लावत नाही. मग कुणीतरी साफसफाई म्हणून अदृश्य चिन्हं झाडून टाकतो आणि दऱ्यांचा दर्या होतो. हिंदीसाठीचे तयार नियम तर ऱ चा थेट र करतात. मराठीला हिंदीचे नियम लावून मोकळं होण्याची ही सवय कधी जाणार कोण जाणे. देवस्थानाच्या महाप्रसादाचे आचारीसुद्धा त्यापायी आचार्यांच्या पंगतीला बसले.

इलाज क्रमात आहे. आधी एनएफसी, मग ‘र, हलन्त, जोडक’च्या जागी ‘ऱ, हलन्त’, आणि त्यानंतरच उरलेले जोडक काढायचे. उलट केलंत तर फरक कायमचा पुसला जातो. मजकुराला लावलेला नियम शोधशब्दालाही लावायचा, नाहीतर उत्तर शून्य.

पण दुसऱ्याच्या सर्व्हरवर आपलं काय चालणार? तिथे शब्द आधीच मोडलेला. शिवाय बीएम२५चे (नोंद शोधाला किती जुळते ते मोजणाऱ्या सूत्राचे) गुण त्या-त्या संग्रहापुरते. चाळीस पानांच्या संस्थळाचे आणि चार हजार पानांच्या संस्थळाचे गुण शेजारी मांडून अर्थ नाही. क्रमांकावरून मेळ घालायचं १/(६०+क्रमांक) हे सूत्र सगळे सुचवतात. पानं सामाईक नसतील तर ते निव्वळ आळीपाळीने वाढणं: प्रत्येकाच्या पहिल्या नोंदीला १/६१, मग ती कितीही गैरलागू असो.

शेवटी ओएआय-पीएमएच (दुसऱ्या संस्थळाच्या नोंदी ओढून घ्यायचा प्रोटोकॉल) घेतलं. रोज रात्री बदललेल्या नोंदी ओढायच्या आणि एकच सूची बांधायची. डब्लिन कोअर या त्याच्या ठरलेल्या नोंद-साच्यात शीर्षक-वर्णनापलीकडे फारसं येत नाही, म्हणून पूर्ण मजकुरासाठी वेगळा साचा ठरवला. दऱ्या जागेवर आल्या.

आता प्रश्न खोडलेल्या नोंदींचा. खोडल्याची खूण ठेवता का, असं विचारल्यावर प्रोटोकॉल तीन उत्तरं देऊ देतो: नाही, काही काळ, कायम. बहुतेकांकडे ‘नाही’. त्यामुळे मूळ जागी काढलेलं पान आमच्या सूचीत तसंच राहतं. देवस्थानाने वादामुळे उतरवलेला एक लेख आमच्याकडे दोन ओळींच्या उताऱ्यासह झळकत होता. रोज सगळं पुन्हा ओढून ताडावं, तर स्वस्तातल्या होस्टिंगला ते झेपत नाही. सध्या दुवे तपासतो: ४१० (पान कायमचं काढलं) आला की लगेच काढायचं, ४०४ (पान सापडत नाही) आला तर लागोपाठ तीन रात्री वाट पाहायची. देवस्थानवाल्यांना तीन रात्री फार वाटतात. वाचनालयवाल्यांची पानं संस्थळाच्या दुरुस्तीत आठवडाभरही गायब असतात, त्यांना त्या कमी वाटतात.