कॅलेंडरवरचा 'पा'

गेल्या महिन्यात शहराच्या प्रशासनातील वरिष्ठ अधिकारी आणि आमच्या बाजूच्या तीसेक नगरांचे व सोसायट्यांचे अध्यक्ष-सचिव यांची एक बैठक झाली. विषयपत्रिकेवर पाणी, ड्रेनेज, कचरा आणि दिवाबत्ती असे चार विषय होते. प्रत्यक्षात सव्वादोन तासांतील दीड तास पाण्यावर गेला, आणि सोलापुरात राहणाऱ्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही. मी आमच्या नगराचा सचिव म्हणून गेलो होतो. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा 'तुम्हाला हिशेब कळतो' एवढ्याच भांडवलावर हे पद माझ्या गळ्यात पडले आणि ते काढून घेण्याची घाई अद्याप कोणी केलेली नाही.

आमचा भाग हद्दवाढीतला. १९९२ मध्ये शहराची हद्द वाढली, भोवतालची गावे आत आली, शेतजमिनींचे गुंठे पडले; घरे आधी उभी राहिली आणि नळ, गटार, रस्ता हे सारे त्यांच्या मागून चालत आले, काही गल्ल्यांत तर ते अजून वाटेतच आहे. तीस वर्षे उलटली तरी वर्तमानपत्रांत आणि बोलण्यातही 'गावठाण भाग' व 'हद्दवाढ भाग' अशी विभागणी कायम आहे. पेठांमध्ये तक्रार तालमीतून, मंडळातून किंवा ओळखीच्या नगरसेवकाच्या ओट्यावरून पुढे जाते. आमच्याकडे तालीम नाही, त्यामुळे लेटरहेड आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे दीर्घकाळ प्रशासकांकडे कारभार राहिला, त्या काळात या लेटरहेडांचे वजन बरेच वाढले, कारण निवेदन घेऊन जावे असा निवडून आलेला माणूसच उरला नव्हता. एकमेकांशी बोलण्याची सवय नसलेल्या नगरांचे सचिव त्याच दिवसांत एकमेकांना ओळखू लागले. आताची बैठक हे त्या ओळखीचेच फळ होय.

बैठक विजापूर रस्त्याच्या बाजूच्या एका मंगल कार्यालयात होती. शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविक यांत पंचवीस मिनिटे गेली. प्रास्ताविकात ६ एप्रिल १९३० रोजी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर फडकलेला तिरंगा, त्यानंतरचा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेले चार हुतात्मे हे सारे आले. या इतिहासाचा अभिमान मलाही आहे. परंतु आपल्याकडे नळाच्या चावीविषयीचे भाषणही तेथूनच सुरू होते, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. त्यानंतरच्या चार वक्त्यांनी 'पाणी वेळेवर येत नाही' हे एकच वाक्य चार चढत्या आवाजांत सांगितले. समोरचे अधिकारी मान हलवत होते आणि वहीत काहीतरी लिहीत होते. मी पुरेशा बैठका पाहिल्या असल्याने ते काय लिहीत असतील याविषयी माझ्या मनात फारसा भ्रम नव्हता.

पाचव्या क्रमांकावर उठल्या त्या आमच्या पलीकडच्या, नळाच्या अगदी शेवटच्या टोकाला असलेल्या एका नगराच्या अध्यक्ष. शिलाईकाम करून घर चालवणाऱ्या बाई. भाषणाची सवय नाही, हे पहिल्या वाक्यालाच कळले. त्यांनी पिशवीतून भिंतीवरच्या कॅलेंडरची अकरा पाने काढली आणि "साहेब, हेच बघा की," एवढे म्हणून ती पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांपुढे टेबलावर ठेवली.

मी दुसऱ्या रांगेत होतो, म्हणून उठून जवळ गेलो. पानाच्या मागच्या बाजूला दुधाचा हिशेब होता, तो आपल्या सर्वांच्या घरी असतोच. पुढच्या बाजूला, चतुर्थी-एकादशीच्या बारीक अक्षरांना वळसा घालून, निळ्या बॉलपेनने काही चौकोनांत 'पा' असे अक्षर काढलेले होते आणि त्याखाली वेळ व मिनिटे: 'पा – रा. १.४० – ३५ मि.' ज्या दिवशी रोटेशनप्रमाणे, म्हणजे भागवार ठरलेल्या पाळीप्रमाणे, पाणी यायला हवे होते आणि आले नाही, त्या तारखेभोवती गोल होता. कुठे 'पिवळे' असा शब्द होता, कुठे 'धार बारीक'. एका पानाला हळदीचे बोट लागलेले होते. अकरा महिने, एकही पान कोरे नाही.

अभियंत्यांनी चष्मा काढून पान डोळ्यांजवळ नेले. "या १७ तारखेला दोन खुणा कशा, ताई?" असे त्यांनी विचारले. "पहाटे आले, पंधरा मिनिटांत गेले, मग नऊ वाजता परत आले. मधे वीज गेली होती म्हणे तिकडे पंपावर." अभियंत्यांनी शेजारच्या कनिष्ठ अभियंत्याला खूण केली, त्याने मोबाइलवर काही शोधले आणि मान डोलावली, त्या पहाटे पंपगृहाचा वीजपुरवठा खरोखरच खंडित झाला होता. त्या क्षणापासून बैठकीचा सूर बदलला. तोपर्यंत दोन्ही बाजू एकमेकांना काहीतरी ऐकवत होत्या. आता एका टेबलावर वाकून सगळे एकच कागद पाहत होते.

मग अभियंते खुर्चीवरून उठून जे सांगू लागले ते मला तुटक तुटक माहीत होते, पण एका धाग्यात प्रथमच ऐकले. शहराला पाणी मुख्यतः तीन ठिकाणांहून मिळते. उजनी धरणातून सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते ते एक. भीमा नदीवरील टाकळी येथून उचलून सोरेगावच्या केंद्रात येते ते दुसरे. आणि हिप्परग्याच्या एकरुख तलावातून येते ते तिसरे. टाकळीचे पाणी औज बंधाऱ्यावर अवलंबून, आणि औज बंधारा भरण्यासाठी उजनीतून नदीत पाणी सोडावे लागते. नदीच्या पात्रातून ते इतका लांबचा प्रवास करते की बरेचसे वाटेतच जिरते, वाफ होऊन जाते किंवा उपसले जाते. म्हणजे शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी धरणातून काढावे लागते. उन्हाळ्यात उजनी 'मायनस'मध्ये गेली की आपण धास्तावतो. त्या धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यातील ६३ टीएमसीहून अधिक साठा मृत, म्हणजे एरवी न वापरायचा तळाचा, आहे आणि पातळी त्याच्याही खाली गेली की 'मायनस' म्हणतात, त्यामुळे मायनस म्हणजे धरण कोरडे नव्हे. पण पातळी खाली गेल्याने दुबार, कधी तिबार पंपिंग करावे लागते, आणि जितके पंप वाढतात तितक्या बंद पडण्याच्या जागाही वाढतात.

खरी मेख त्यापुढे आहे. कुठेतरी दोन तास वीज गेली, तर नुकसान दोन तासांचे होत नाही. जलकुंभाची पातळी पुरेशी चढत नाही, म्हणून चावीवाला त्या भागाची चावी, म्हणजे नळावरचा व्हॉल्व्ह, उघडू शकत नाही. त्या भागाची पाळी सरकली की त्याच्यामागच्या प्रत्येक भागाची सरकते. चावी उघडल्यावरही आधी रिकामा नळ भरावा लागतो, तोवर सुरुवातीच्या घरांच्या टाक्या भरू लागलेल्या असतात आणि शेवटच्या घरी हवेचा फुसफुसाट चालू असतो. बाईंच्या कॅलेंडरवरील '३५ मि.' आणि आमच्या नगरातील दीड तास यांच्यातील फरकाचा एक भाग असा होता. उजनीवरून १७० दशलक्ष लिटर क्षमतेची समांतर जलवाहिनी हा शहराचा जुना ध्यास राहिला आहे आणि प्रत्येक वक्त्याने तिचे नाव घेतले. पण धरणावरून अधिक पाणी येणे आणि ते जुन्या वितरण नळांतून टोकापर्यंत पोहोचणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे अभियंत्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मला ते आवडले.

फरकाचा दुसरा भाग त्यांनी प्रश्नातून काढला. "अध्यक्ष मंडळी इथे बसली आहेत म्हणून विचारतो. आपापल्या नगरात नळाला थेट मोटार किती घरांना आहे?"

सभागृहात पंखे फिरण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. कोणी चहाच्या कपाकडे पाहिले, कोणी विषयपत्रिका पुन्हा वाचली. मी खाली पाहिले, कारण अर्ध्या एचपीची मोटार माझ्याही नळाला होती. सात-आठ वर्षांपूर्वी शेजाऱ्याने बसवली, आमची धार बारीक झाली, म्हणून मी बसवली. मग पलीकडच्या शेजाऱ्याने. एखाद्या नगरात असे चाळीस पंप एकाच वेळी एकाच नळातून ओढू लागले की टोकाला दाब राहतच नाही. शिवाय नळातला दाब इतका उतरला की कच्च्या सांध्यांतून बाहेरचे, प्रसंगी शेजारून जाणाऱ्या ड्रेनेजचे पाणी आत खेचले जाते. कॅलेंडरवरच्या 'पिवळे' या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला, आणि तो मला माझ्याच घरापर्यंत घेऊन आला. त्या बाई आमच्याच नळाच्या पुढच्या टोकाला राहतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही, त्यांना ठाऊकही नव्हते; तरी मी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

पाण्यावर शेवटी ठरले ते लहानच होते. रोटेशन सरकले तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत प्रत्येक नगराच्या एका व्यक्तीला कारणासह मोबाइलवर संदेश मिळेल. प्रत्येक नगर पाणी आल्याची वेळ आणि मिनिटे लिहून दर महिन्याला देईल. आणि थेट मोटारींची यादी नगराने स्वतः करावी, कारवाईची वेळ येऊ देऊ नये. 'अधिक पाणी द्या' ही मागणी घेऊन आलेल्यांपैकी काहींना यात फसवणूक झाल्यासारखे वाटले. माझे मत वेगळे आहे. चार दिवसांनी येवो की पाच, येणार कधी हे नक्की ठाऊक असेल तर घरातील बाईला रात्री दीडचा गजर लावून तीन रात्री फुकट जागावे लागत नाही. पाण्याच्या टंचाईचा हिशेब सगळे मांडतात, या जागरणाचा मात्र कधीच कोणी मांडलेला नाही.

कचऱ्यावर चर्चा झाली ती लवकर आटोपली. घंटागाडीत ओला-सुका कचरा एकत्र होतो अशी तक्रार झाली; घनकचरा नियमांनुसार तो घरातच वेगळा करायचा आहे, तुमच्याकडे किती घरे करतात, असा उलट प्रश्न आला; आणि मोटारींचा अनुभव ताजा असल्यामुळे कोणी फार ताणले नाही. दिवाबत्तीला पाच मिनिटे मिळाली. ड्रेनेज पुढच्या बैठकीवर गेले, आणि ते तिथेही पुढे जाईल अशी मला शंका आहे.

परतताना मात्र एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. त्या सभागृहात जे होते ते सारे कशाचे तरी अध्यक्ष होते. साखर पेठेतील किंवा अशोक चौकाकडील चाळीत, जिथे एका नळावर सहा कुटुंबे पाणी भरतात, तिथे अध्यक्ष कोण? यंत्रमागाच्या खटखटाटात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एका दमात बोलणारी ती वस्ती आमच्या बैठकीत कुठेच नव्हती. विडी कामगार महिलांची कुंभारीची वसाहत तर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे. २००६ मध्ये दहा हजार घरांचे लोकार्पण झाले, पुढे जानेवारी २०२४ मध्ये शेजारच्या रे नगरातील पहिली पंधरा हजार घरे दिली गेली. तिथल्या कुटुंबांचे काम शहरात, बाजार शहरात, पण अशा बैठकीला बोलवायचे तर हद्द आडवी येते.

यावर कायद्यात काही नाही असे नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या साडेनऊ लाख होती. २००९ मध्ये राज्याच्या महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली, आणि तिच्यात त्या क्षेत्रातील प्रत्येक नोंदणीकृत मतदार हा सभासद असतो. लेटरहेड लागत नाही, मतदार यादीत नाव पुरते. माझ्या वास्तव्याच्या काळात आमच्या क्षेत्राची अशी सभा भरल्याचे मला आठवत नाही. तीही आम्ही कधी मागितली नाही. आम्हाला आमची बैठक मिळत होती.

आमच्या नगराची सभा त्यानंतरच्या रविवारी झाली. बेचाळीस घरांपैकी सव्वीस हजर. मी आधी माझी मोटार सांगितली, मग प्रश्न विचारला. एकवीस हात वर झाले, काही अर्धेच. चर्चा अडली ती सोयीवर. ज्यांच्याकडे जमिनीत हौद आहे त्यांना नळाचे पाणी आपोआप हौदात घेऊन तेथून मोटारीने वर चढवता येते; अकरा घरांना हौदच नाही, आणि हौद बांधायचा तर अंगणातील फरशी फोडण्यापासून खर्च सुरू होतो. त्या अकरा घरांसाठी जमिनीवर ठेवायच्या टाक्या एकत्र खरेदी कराव्यात असा विचार आहे. ठराव अजून झालेला नाही. एका गृहस्थांनी, "पुढच्या नगराने आधी काढाव्यात, मग आम्ही," असे इतिवृत्तात नोंदवायला लावले. मी नोंदवले.

आमच्या घरची मोटार प्लंबरने मंगळवारी सोडवली आणि हौदावर जोडली. स्वयंपाकघरातील कॅलेंडरला सौभाग्यवतींनी दोऱ्याने पेन बांधले आहे. गुरुवारच्या चौकोनात त्यांच्या अक्षरात पहिली नोंद आहे: 'पा – रा. २.१० – ७० मि. – हौद चार बोटे कमी.'