एप्सिलॉन कुणी दिला?

एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या इंटर्नलला रिअल अॅनालिसिसमध्ये मला 20 पैकी 3 मार्क पडले. तेही एका व्याख्येचे. बी.एस्सी.ला डिस्टिंक्शन होतं, गावात 'गणितवाली' म्हणून ओळख होती, आणि शिवाजी विद्यापीठात नंबर लागला तेव्हा आण्णांनी पेढे वाटले होते. पेपर हातात आला त्या दिवशी घरचा फोन उचललाच नाही.

दोष कुणाचा म्हणाल तर माझाच. बी.एस्सी.ची तिन्ही वर्षं मी प्रूफं ऑप्शनला टाकत आले. गणितं सोडवायची, फॉर्म्युले पाठ, प्रॅक्टिकलचं जर्नल सुंदर अक्षरात, एवढ्यावर भागायचं. शाळा मराठी माध्यमाची. मध्य, मध्यक, बहुलक म्हणजेच संख्याशास्त्र, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. इथे पहिल्या सेमिस्टरला रिअल अॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा. सरासरीचं नावच नाही.

माझं अडलं होतं ते अगदी बारीक ठिकाणी. प्रत्येक प्रूफ सुरू व्हायचं 'लेट एप्सिलॉन बी गिव्हन' असं, म्हणजे एप्सिलॉन नावाचा एक शून्याहून मोठा, कितीही छोटा आकडा दिलेला आहे असं समजा. मी वहीत उतरवून घ्यायचे, पण डोक्यात एकच प्रश्न: दिला कुणी? कुठून आला हा? वर्गात विचारायची लाज वाटायची. बाकीचे माना हलवत असायचे. (त्यातल्या निम्म्यांनाही कळत नव्हतं, हे मला दुसऱ्या सेमिस्टरला समजलं.)

होस्टेलवर वरच्या वर्गातली एक ताई होती. तिला एका रात्री मेसमध्ये विचारलं. ती हसली नाही. म्हणाली, "समोरचा देतो. आणि समोरचा वैरी आहे असं समज. तो म्हणणार, मला एवढ्या फरकाच्या आत उत्तर पाहिजे. तू त्याला डेल्टा काढून द्यायचा, म्हणजे त्यासाठी x किती जवळ ठेवायचा ते. तो आणखी छोटा एप्सिलॉन मागणार, तू आणखी एक डेल्टा द्यायचा. कितीही छोटा मागितला तरी तुझ्याकडे द्यायला आहे, एवढंच सिद्ध करायचं असतं."

मग युनिफॉर्म कंटिन्यूइटी निघाली, म्हणजे फंक्शनच्या सलगपणाचा (कंटिन्यूइटीचा) जास्त कडक प्रकार. तेवढ्यात रेक्टर मॅडम किल्ल्यांचा जुडगा वाजवत राउंडला आल्या. ताई म्हणाली, "हे बघ. प्रत्येक कुलपाला एक किल्ली आहे, हे एक वाक्य. एक किल्ली आहे जी प्रत्येक कुलपाला लागते, हे दुसरं. शब्द तेच, क्रम बदलला." साध्या कंटिन्यूइटीत प्रत्येक बिंदूला त्याचा-त्याचा डेल्टा चालतो. युनिफॉर्ममध्ये एकच डेल्टा सगळ्यांना पुरला पाहिजे. 0 ते 1 मध्ये 1/x घ्या: शून्याकडे सरकाल तसा डेल्टा लहान-लहान करावा लागतो, सगळ्यांना पुरेल असा एकही सापडत नाही. मी भात तसाच ठेवून खोलीत गेले आणि ती व्याख्या मराठीत लिहून काढली. नंतरही कितीतरी दिवस प्रत्येक थिअरम आधी मराठीत, मग इंग्रजीत असं चाललं. वेळ दुप्पट जायचा. पण सेमिस्टरला 80 पैकी 47 आले, आणि ते 47 माझे होते.

बाकीच्या विषयांबद्दल फार लिहीत नाही. डिस्ट्रिब्युशन थिअरी मेहनतीवर निघते. लिनिअर अल्जिब्रा आवडला. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहायला दोन महिने गेले, कारण त्याआधी घरात कॉम्प्युटरच नव्हता. एस्टिमेशन (नमुन्यावरून अंदाज काढणं) शिकताना मात्र एकदा खुर्चीत ताठ बसले. क्रामेर-राव झालं, राव-ब्लॅकवेल झालं, आणि पुढे क्रामेर-हुजूरबाजार! हे हुजूरबाजार म्हणजे व्ही. एस. हुजूरबाजार, 1919 साली कोल्हापुरातच जन्मलेले. नमुना मोठा होत गेला की लाइकलीहुड समीकरणाचं (हाती आलेला डेटा कुठल्या किमतीला सगळ्यात जास्त जुळतो ते शोधणाऱ्या समीकरणाचं) कन्सिस्टंट, म्हणजे खऱ्या किमतीकडे सरकत जाणारं, उत्तर एकच उरतं, हे त्यांनी 1948 मध्ये दाखवलं. ज्या शहरात मी एस.टी.ने उतरत होते तिथलं आडनाव थिअरममध्ये. उगाच बरं वाटलं.

चौथ्या सेमिस्टरला प्रोजेक्ट. इतरांनी तयार डेटा घेतला. मी तासगावला घरी गेले आणि आमच्या एकरभर द्राक्षबागेतल्या मालाचा अंदाज काढायचा ठरवलं. नऊ बाय पाच फुटांवर लागण, म्हणजे एकरात 968 झाडं. कडेपासून नंबर दिले, 'आर'कडून 40 नंबर मागितले, आणि जानेवारीच्या थंडीत घड मोजत फिरले. झाडाला सरासरी 35 घड. घडाचं वजन 300 ग्रॅम धरून उत्तर आलं दहा टनांच्या वर.

आण्णा बांधावर बसून बघत होते. म्हणाले, "दहा? न्हाई गं. नऊ-साडेनऊ."

"आण्णा, तुम्ही मोजलं कुठं?"

"खालच्या अंगाला किती झाडं बघितलीस?"

यादी काढली. ओढ्याकडची जमीन चोपण, तिथल्या झाडांना घड जेमतेम वीसेक. 968 पैकी 210 झाडं तिथली, म्हणजे माझ्या 40 मध्ये आठ-नऊ यायला हवी होती. आली होती पाच. नशिबाचा भाग, रँडम म्हटलं की असं होणारच. पण बागेचे दोन भाग आहेत हे मला आधीपासून माहीत होतं. लहानपणापासून मी त्या चोपणात चिखल तुडवत आले होते, आणि स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंगच्या (आधी गट, म्हणजे स्ट्रॅटा, पाडून प्रत्येकातून नमुना घेण्याच्या) पेपरात मला चांगले मार्क होते. तरी दोन्ही गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत.

दुसऱ्या दिवशी परत मोजलं: खालची 9, वरची 31. सरासरी 33 वर आली, माल साडेनऊच्या आसपास. मार्चमध्ये वजन झालं तेव्हा नऊ टन चारशे भरलं. आण्णा काही बोलले नाहीत, फक्त चहा प्यायला थांबलेल्या व्यापाऱ्याला माझी वही दाखवली.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी व्हेरिअन्सचं सूत्र विचारलं, ते सांगितलं. मग विचारलं, "स्ट्रॅटा कशाच्या आधारावर केले?"

"वडिलांनी सांगितलं, सर."

ते थोडा वेळ तक्ता बघत राहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "यंदा बेदाण्याला दर काय मिळाला?"